एका पौंडाचा केक

घरातील एखाद्या वृद्ध स्त्रीला शंकरपाळ्यांची कृती विचारावी, तर ती सांगते, "दूध, तूप आणि साखर समभाग घ्यावी, एक उकळी आणावी, आणि निवल्यावर मावेल तेवढा मैदा घालावा." ऐकणारा गोंधळतो. किती मैदा मावतो, हे त्याने कसे ठरवावे? परंतु आजीच्या मनात काही लपवाछपवी नसते. जिच्या बोटांना पिठाची ओळख झालेली आहे अशा मुलीशी आपण बोलत आहोत, असे धरूनच ती बोलते. जे दोघींनाही ठाऊक आहे ते सांगायचे कशाला?

जुनी पाकपुस्तके वाचताना हीच अडचण येते, आणि पुस्तक परक्या देशातील असेल तर ती दुप्पट होते. त्यातील वाक्ये सोपी असतात, परंतु वाक्यांच्या मध्ये जे गाळलेले असते ते आपल्याला ओळखून काढावे लागते. आज आपण अशीच एक कृती वाचू. ती इंग्लंडातील आहे, केकची आहे, आणि पावणेतीनशे वर्षांपूर्वीची आहे.

१७४७ साली लंडनमध्ये पाककलेवरील एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. 'एका स्त्रीने लिहिलेले' एवढाच उल्लेख होता. ही स्त्री म्हणजे हॅना ग्लास. तिच्या पुस्तकात 'पौंड केक' नावाची एक लहानशी कृती आहे. तिचा आशय असा : एक पौंड लोणी मातीच्या भांड्यात घेऊन हाताने एकाच दिशेने फेसावे, दाट सायीसारखे झाले की थांबावे. बारा अंडी घ्यावीत, पण पांढरे मात्र निम्म्याच अंड्यांचे घ्यावे. ती चांगली फेटून लोण्यात मिसळावीत. मग एक पौंड पीठ, एक पौंड साखर आणि थोडे कॅरवेचे दाणे घालावेत. कॅरवे म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या जातीचे सुवासिक बी. हे सर्व हाताने अथवा मोठ्या लाकडी चमच्याने एक तासभर घोटावे. भांड्याला लोण्याचा हात लावून त्यात मिश्रण ओतावे आणि कडक तापलेल्या भट्टीत एक तास भाजावे.

कृती एवढीच! छापील पानावर तिला जेमतेम सात-आठ ओळी लागतात.

आता तिच्यातील वजने पाहा. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. लोणी, पीठ आणि साखर प्रत्येकी एक पौंड, यावरूनच केकला हे नाव पडले. अंड्यांचे काय? आजच्या मध्यम अंड्यातील बलक सुमारे १८ ग्रॅम आणि पांढरे सुमारे ३३ ग्रॅम भरते. बारा बलक आणि सहा पांढरे यांची बेरीज तुम्हीच करा; ती चारशे ग्रॅमच्या थोडी वर जाते, म्हणजे पौंडाच्या जवळ येते. चार पदार्थ, आणि चारही जवळजवळ सारखे. जिला अक्षरओळख नाही अशा मुलीलाही हे प्रमाण एकदा ऐकून आयुष्यभर लक्षात ठेवता येते. फ्रान्समध्ये अशाच केकला 'चार चतुर्थांश' या अर्थाचे नाव आहे. आपल्या शंकरपाळ्यांतील 'समभाग' हा शब्दही याच जातीचा.

परंतु या कृतीतील खरे कोडे वजनाचे नव्हे, वेळेचे आहे. एक तास घोटायचे ते कशासाठी?

केक हलका आणि जाळीदार होतो तो त्यातील असंख्य बारीक बुडबुड्यांमुळे. आज आपण त्यासाठी बेकिंग पावडर घालतो. ओल्या मिश्रणात आणि उष्णतेने तिच्यातून वायू निघतो आणि तो केकला फुगवतो. हॅना ग्लासच्या काळी बेकिंग पावडर नव्हती. मोठ्या केकसाठी इंग्लंडात बिअर तयार करताना वर येणारे यीस्ट वापरीत असत. पौंड केकमध्ये मात्र तेही नाही. तेव्हा उरली ती केवळ हवा, आणि ती मिश्रणात कोंडायची ती हाताने. लोणी फेसताना प्रत्येक फेऱ्यागणिक हवेचे सूक्ष्म कण त्यात अडकतात, आणि पिवळे लोणी हळूहळू फिकट होत जाते. फेटलेल्या अंड्यातही असेच बुडबुडे असतात. भट्टीत गेल्यावर ही कोंडलेली हवा प्रसरण पावते, मिश्रणातील पाण्याची वाफ होऊन तीही बुडबुड्यांत शिरते, आणि केक वर येतो. तेवढ्यात अंड्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होतात आणि बुडबुड्यांच्या भिंती उभ्या राहतात. हाताने जेवढी हवा घातली असेल तेवढाच केक फुगणार. भट्टी तिच्यात पदरची काहीही भर घालीत नाही.

ज्यांच्या घरी दिवाळीला नानकटाई होते त्यांना हे सांगण्याची गरज नाही. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन आई तळहाताने ते फेसत बसते. तूप पांढरेशुभ्र आणि हलके झाले की मगच पीठ घालते. इंग्लंडातील त्या मुलीचा हात आणि आपल्या आईचा हात एकच काम करीत असतात.

'हाताने' या शब्दाचाही अर्थ लागतो. इंग्लंडातील थंडीत लोणी दगडासारखे होते; तळहाताची ऊब त्याला मऊ करते. पांढरे निम्मेच का, तेही उमगते. पांढऱ्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो, आणि ते अधिक झाले तर भाजल्यावर केक कोरडा होतो. बलकातील स्निग्धतेमुळे तो मऊ राहतो. राहता राहिले 'एकाच दिशेने'. जुन्या स्वयंपाक्यांचा यावर मोठा विश्वास असे. मला विचाराल, तर दिशा बदलल्याने काही बिघडत नाही. पण तासभराचे काम एका लयीत केले म्हणजे हात कमी थकतो, एवढे मात्र खरे.

हा तासभर कोण राबत असे? पुस्तक विकत घेणारी मालकीण नव्हे. तिच्या स्वयंपाकघरातील मोलकरीण राबत असे, आणि बहुधा ती तुमच्याहून फार मोठी नसे. शिवाय कृतीत सांगितलेला तास हा केवळ शेवटचा. त्याआधीची कामे लेखिकेने गृहीत धरली आहेत. त्या वेळी चांगली साखर शंकूच्या आकाराच्या कठीण ढेपेच्या रूपात मिळे. अडकित्त्यासारख्या चिमट्याने तिचे तुकडे करायचे, खलात कुटायचे आणि चाळायचे. पीठ दमट असे म्हणून ते विस्तवापाशी सुकवायचे. टिकाऊ खारवलेले लोणी असेल तर ते पाण्यात धुऊन मीठ काढायचे. 'एक पौंड साखर' या तीन शब्दांत एवढी मेहनत दडलेली आहे.

आणि त्या साखरेत आणखीही काही दडलेले होते. तेव्हा इंग्लंडात येणारी साखर मुख्यत्वे वेस्ट इंडीज बेटांवरून येई. तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून नेलेल्या स्त्रीपुरुषांना गुलाम म्हणून राबवीत. १७९१ सालापासून इंग्लंडातील अनेक कुटुंबांनी ही साखर घरात आणणेच सोडून दिले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडले. पाककृतीच्या पुस्तकात यांपैकी एक अक्षरही सापडत नाही. तेथे आपल्याला दिसते ते फक्त वजन.

आता भट्टीकडे वळू. 'कडक तापलेली' म्हणजे किती अंश? तापमापक कोणापाशी होता! विटांच्या भट्टीत आतच लाकडे पेटवीत, विटा पुरेशा तापल्या की निखारे ओढून बाहेर काढीत, आणि साठलेल्या उष्णतेवर पदार्थ भाजीत. भट्टीत चिमूटभर पीठ टाकायचे. ते किती वेळात तांबूस होते यावरून उष्णतेचा अंदाज करायचा. अशी भट्टी पहिल्या क्षणी सर्वांत तप्त असते आणि नंतर क्षणाक्षणाला निवत जाते. आजची विजेची भट्टी मात्र लावलेल्या अंशावर स्थिर राहते. म्हणून जुन्या पुस्तकातील 'कडक' हा शब्द वाचून आज आपण तिचा काटा शेवटच्या अंकावर नेला, तर केक वरून करपेल आणि आत कच्चा राहील.

ही कृती लिहिणाऱ्या बाईंविषयी थोडे सांगितले पाहिजे. हॅना ग्लासचा जन्म १७०८ सालचा. पुस्तक निघाले त्याच वर्षी तिचा पती वारला. प्रस्तावनेत तिने स्पष्टच लिहिले आहे, की आपण उच्चभ्रूंची अलंकारिक भाषा वापरलेली नाही, कारण हे पुस्तक मोलकरणींना समजावे अशी आपली इच्छा आहे. तिच्या पुष्कळ कृती आधीच्या पुस्तकांतून उचललेल्या आहेत, हे खरे; त्या काळी तशी रीतच होती. तथापि सोप्या भाषेमुळे पुस्तक विलक्षण खपले, आणि शंभर वर्षांपर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्यात 'भारतीय पद्धतीची करी' देखील आहे. मिरी आणि धने घालून कोंबडी शिजवण्याची ती कृती वाचताना आपल्याला हसू आल्यावाचून राहत नाही.

पुस्तक चालले, पण लेखिकेचे दिवस फिरले. कपड्यांच्या व्यवसायात तिला कर्ज झाले, १७५४ साली तिचे दिवाळे वाजले, आणि त्याच वर्षी आपल्या पुस्तकाचे हक्क तिला विकावे लागले. १७५७ साली तर कर्जापायी तिला तुरुंगातही जावे लागले. १७७० साली ती वारली. पुढे लोक म्हणू लागले, की हे पुस्तक मुळी बाईचे नव्हेच, हिल नावाच्या एका डॉक्टराचे आहे. इंग्रजीचा थोर कोशकार डॉ. जॉन्सन याच्यासमोर १७७८ साली ही गोष्ट निघाली. पुस्तकातील काही चुका दाखवून, त्या हिलच्या हातून होणार नाहीत, असे त्याने चतुराईने ओळखले. पण चांगले पाकपुस्तक लिहिणे बायकांना साधणार नाही, असेही तो बोलून गेला. एवढा मोठा विद्वान, परंतु त्याने स्वतः कधी तासभर लोणी फेसले असेल असे वाटत नाही. १९३८ साली मॅडलिन होप डॉड्स या इतिहास-संशोधक बाईंनी जुने कागद तपासून ही हॅना ग्लास कोण, कोणाची, याचा छडा लावला.

तासभर घोटण्याचे कष्ट पुढील शतकात ओसरू लागले. १७९६ साली अमेरिकेत निघालेल्या अमेलिया सिमन्सच्या पुस्तकात लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार केकमध्ये घातलेला आढळतो. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञाने बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्टचे पदार्थ सोसत नसत, हे त्याचे कारण. कृती लिहिण्याची रीतही पालटली. १८४५ साली एलायझा ॲक्टन हिने प्रत्येक कृतीबरोबर जिनसांची मापे आणि लागणारा वेळ वेगळा नोंदवला. १८९६ साली बॉस्टनच्या फॅनी फार्मरने चमचा आणि पेला काठोकाठ सपाट करून मोजण्याचा दंडक घातला. मुठीची आणि अंदाजाची मापे तेव्हापासून पुस्तकांतून मागे हटू लागली.

ही कृती आज करून पाहायची असेल तर घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि प्रमाण चौथाईवर आणा : बिनमिठाचे लोणी, पिठीसाखर आणि मैदा प्रत्येकी ११५ ग्रॅम, तीन बलक आणि दीड अंड्याचे पांढरे. तीन अंड्यांचे पांढरे एकत्र ढवळून त्यातील निम्मे घेतले म्हणजे दीड होते. मूळ कृतीपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. साखर शेवटी न घालता लोण्याबरोबरच फेसावी. तिच्या कणांमुळे हवा अधिक कोंडली जाते. आणि मैदा घातल्यावर तासभर घोटू नये. तसे केले तर आजच्या मैद्याचा केक चिवट होतो. घोटायचे ते आधीच, आणि अंडी थोडीथोडी घालून. पंधरा मिनिटांत लोण्याचा रंग बदललेला दिसेल आणि खांदाही भरून येईल. मैदा हलक्या हाताने मिसळावा. १७० अंश सेल्सियसवर सुमारे पाऊण तास भाजावे. मधोमध सुई टोचली असता ती कोरडी निघाली पाहिजे. ज्या घरी अंडी चालत नाहीत तेथे हा केक होणार नाही, कारण त्याची सारी उभारणी अंड्यावरच आहे; त्यांनी नानकटाईचे तूप फेसावे.

केक भट्टीतून निघताच कापू नये. पूर्ण निवल्यावर तो फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पातळ काप करावेत. बेकरीतील केकपेक्षा हा जड लागतो आणि त्याची जाळी बारीक असते. कॅरवेचे दाणे मिळाले नाहीत, तर शहाजिरे चालेल. पण ते अगदी चिमूटभरच घालावे.