कुंभकोणमच्या हिवाळ्यात मिरचीचे जुने झाड : राखावे की उपटावे?

लिनिअसने १७५३ मध्ये मिरचीच्या एका प्रजातीस ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ हे नाव दिले. ‘ॲन्युअम’ म्हणजे वर्षायू. युरोपातील बागांत दरवर्षी हिमतुषाराने मरणाऱ्या झाडास ते नाव शोभण्यासारखे होते. परंतु उष्ण प्रदेशात मिरची ही स्वभावतः बहुवर्षायू वनस्पती आहे. थंडी, साचलेले पाणी आणि कीड यांपासून बचाव झाल्यास एकच झाड दोन-तीन वर्षे फळ देऊ शकते. थंड देशांतील हौशी बागायतदार म्हणूनच आवडीची झाडे हिवाळ्यात घरात घेतात. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे मात्र हिमतुषार नाही. तेथे प्रश्न दोन आहेत : झाडाचे रक्षण नेमके कशापासून करावयाचे, आणि राखलेले झाड नव्या रोपांना घातक तर ठरणार नाही?

थंडीचा नव्हे, पाण्याचा हिवाळा

कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर आहे. येथे जानेवारीतही किमान तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली क्वचितच जाते, म्हणजे थंडीने मिरची मरण्याचा संभव नाही. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथे ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. याच काळात वादळेही येतात. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी किनाऱ्यावर आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने या प्रदेशाची मोठी हानी केली. सभोवती सांबा हंगामाचे भात पाण्यात उभे असते. अशा दिवसांत मिरचीची मुळे एक-दोन दिवस जरी पाण्यात राहिली, तरी प्राणवायूअभावी ती गुदमरतात आणि फायटोफ्थोरा, पिथियम यांसारख्या रोगकारकांना वाट मोकळी होते. झाड उभ्याउभ्या मान टाकते.

त्यामुळे कुंडीतील झाडे पावसाळी दिवसांत ओट्यावर किंवा चौकालगतच्या छपराखाली घेणे हा येथील सोयीचा उपाय ठरतो. तमिळमध्ये ओट्यास ‘तिण्णै’ म्हणतात. ताकात मुरवून वाळवलेली ‘मोर मिळगाय’ ही आपल्या सांडगी मिरचीची सख्खी बहीण या भागातील घरोघरी लागते. तेव्हा मनाजोगत्या फळाचे झाड राखावेसे वाटणे साहजिक आहे.

छप्पर काय थांबवते, काय वाढवते

छप्पर मुळांना वाचवते; परंतु पानांवरील पावसाचा माराही थांबवते. हा मारा फुलकिडे, कोळी आणि मावा यांना धुऊन काढत असतो. शिवाय ढालकिडे, क्रायसोपा, परभक्षी कोळी हे मित्रकीटक आडोशाच्या जागी कमी पोहोचतात. उबदार, दमट, वाऱ्याविना असलेल्या कोपऱ्यात पिवळ्या कोळ्याची एक पिढी साधारण आठवडाभरात पुरी होते. म्हणजेच छपराखाली घेतलेल्या झाडावर पावसाचे आणि मित्रकीटकांचे काम माणसालाच करावे लागते.

लक्षणांतील फरक ओळखणे येथे महत्त्वाचे आहे. पानांच्या कडा वरच्या बाजूस वळून पान होडीसारखे दिसू लागल्यास फुलकिड्यांचा संशय घ्यावा. कडा खालच्या बाजूस वळल्या, देठ लांबला आणि शेंड्याची पाने अरुंद व कडक झाली, तर तो पिवळा कोळी समजावा. पाने लहान, जाड, शिरा फुगलेली, पेरे आखूड आणि झाड झुडपासारखे खुंटलेले असल्यास तो पर्णगुच्छ अर्थात लीफ कर्ल विषाणू असण्याची दाट शक्यता असते. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. पिवळा कोळी स्वतः उडू शकत नाही. परंतु पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. एक माशी अशा रीतीने दोन संकटे वाहून नेते.

निवड : सर्वांत महत्त्वाची पायरी

विषाणूग्रस्त झाडास औषध नाही. छाटणीने कीड जाते, विषाणू जात नाही. तो खोडातील अन्नवाहिन्यांत राहतो आणि नव्या फुटव्यांत पुन्हा दिसतो. म्हणून फळ कितीही उत्तम असले, तरी पर्णगुच्छाची लक्षणे असलेले झाड राखू नये. पाऊस सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरअखेरीस, प्रत्येक झाडाचा शेंडा दहापट भिंगाखाली पाहावा. खोड निरोगी, बुंधा डागविरहित आणि नवी पाने सपाट असतील, तेच झाड निवडावे. दोन-तीन झाडे पुरेशी आहेत.

आत घेण्याची पद्धत

१. सर्व फळे, फुले व कळ्या काढाव्यात. २०१५ मध्ये भारतात प्रथम पपईवर नोंदली गेलेली आणि २०२१ मध्ये आंध्र प्रदेश, तेलंगणा व कर्नाटकातील मिरचीवर उद्रेक करणारी थ्रिप्स पार्विस्पिनस ही फुलकिड्यांची प्रजाती प्रामुख्याने फुलांत दडते.

२. मुख्य फांद्यांचे दोन-तीन दुबेळके ठेवून झाड १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर छाटावे. पांढऱ्या माशीची अंडी व पिले पानांच्या खालच्या बाजूस असतात; पानांसह तीही जातात. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी. तंबाखू हाताळलेले हात साबणाने धुवावेत. तंबाखूचा मोझेक विषाणू स्पर्शाने पसरतो.

३. कुंडीतील वरची ३ ते ५ सेंटिमीटर माती व गळलेला पाला काढून टाकावा. फुलकिड्यांची कोषावस्था तेथेच असते. त्या जागी निचऱ्याची नवी माती व कुजलेले खत भरावे. कुंडी विटांवर ठेवावी.

४. झाड तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळे ठेवावे. उष्ण हवेत पांढऱ्या माशीची एक पिढी साधारण एवढ्या काळात पूर्ण होते; सुटलेले अंडे असल्यास ते या मुदतीत उघड होते.

५. ईशान्येकडून येणारी झड टाळण्यासाठी दक्षिण किंवा पश्चिम बाजूचा, उजेडाचा ओटा निवडावा. वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे. छाटलेल्या झाडास पाने नसल्याने पाणी कमी लागते. या काळात अतिप्रेमाने घातलेले पाणीच झाडे मारते. नवी फूट येईपर्यंत नत्र देऊ नये.

आठवड्याची तपासणी

आठवड्यातून एकदा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकावा. फुलकिडे हलताना दिसतात. पांढऱ्या माशीसाठी पिवळा आणि फुलकिड्यांसाठी निळा चिकट सापळा टांगावा. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी. कीड दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क, अथवा लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, सायंकाळी फवारावे. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक वेष्टनावरील सूचनेनुसार वापरता येते. मात्र तेल व गंधक यांच्या फवारणीत किमान दोन आठवड्यांचे अंतर असावे, अन्यथा पाने करपतात. राहत्या घरात रासायनिक कीटकनाशके फवारू नयेत.

हिरवा सेतू

पोंगलच्या सुमारास पाऊस ओसरतो आणि भातानंतर उडीद-मूग पेरला जातो. राखलेले झाड याच वेळी हळूहळू उन्हात आणावे. पण त्याआधी अंतिम तपासणी अपरिहार्य आहे. एका हंगामातील कीड व विषाणू पुढील हंगामापर्यंत जिवंत ठेवणाऱ्या झाडास ‘हिरवा सेतू’ म्हणतात. शेजारी नवी रोपवाटिका असेल, तर एक रोगट जुने झाड शेकडो कोवळ्या रोपांना विषाणू देऊ शकते, आणि रोपावस्थेत लागण झालेले झाड जवळजवळ फळतच नाही. संशय आल्यास झाडावर पिशवी घालून, माश्या उडू न देता ते उपटावे आणि खोल पुरावे. रोपवाटिकेवर ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी असावी.

महाराष्ट्रात चित्र उलटे दिसते, पण निष्कर्ष तोच आहे. निफाडसारख्या भागात पारा १० अंशांच्या खाली उतरतो व मिरचीची वाढ थांबते. तेथे कुंडीतील झाड रात्री आडोशाला घेणे योग्यच. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी मिरचीची रोपे टाकली जात असताना खरिपाची उरलेली झाडे बांधावर तशीच उभी असतात. त्यांना कोणी राखलेले नसते, तरी ती सेतूचेच काम करतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांपुढे दोन्ही गोष्टी एकत्रच मांडाव्यात. निरोगी झाड राखल्यास पुढील हंगामात लवकर फळ मिळते. रोगट झाड राखल्यास त्याची किंमत शेजारच्या रोपवाटिकेला मोजावी लागते. झाड जगवण्याची कला जितकी मोलाची, तितकेच योग्य वेळी ते उपटण्याचे धैर्यही मोलाचे आहे.