आजीचं ‘मले’

अगं, रागावू नकोस, पण हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. गेले तीन रविवार आई फोनवर गप्प असते, हे तुझ्या लक्षात आलं का? ‘बरी आहेस ना, जेवलीस ना’ एवढं विचारते आणि फोन माझ्या हातात देते. तुला वाटलं असेल, कमी ऐकू येतं तिला आता. कान ठणठणीत आहेत तिचे. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मी बोलली तं पोरीचं बोलनं बिघडन.”

त्या दिवशी तुझ्या लेकीनं, चिऊनं, तिला सांगितलं होतं, “आजी, ‘मले’ नाही, ‘मला’. मले इज राँग.” सात वर्षांच्या पोरीचा यात काय दोष? रविवारच्या मराठी शाळेत तिला ‘मला’ शिकवलं, ते तिनं आजीला शिकवलं. पण मागून तुझा आवाज आला, “आई, तिच्याशी जरा शुद्ध बोलत जा ना.” तू सहज म्हणालीस, मला ठाऊक आहे. आईनं ते काळजाला लावून घेतलं.

तुला दोष द्यायला मी बसलेली नाही. हीच चूक मी भर वर्गात केलेली आहे. पहिलीच्या वर्गात तांड्यावरचं एक लेकरू आलं होतं. घरात गोरबोली, शाळेत मराठी. चित्रातल्या बाईकडे बोट दाखवून मी विचारलं, ही कोण? तो म्हणाला, “याडी.” पोरं हसली आणि मी म्हणाले, “याडी नाही, आई म्हण.” त्यानंतर कितीतरी दिवस तो वर्गात बोललाच नाही. मी मनात नोंद करून टाकली, मंद आहे. मग एकदा मधल्या सुट्टीत तो लिंबाखाली बसून धाकट्या बहिणीला काहीतरी सांगताना दिसला. हात हलवत, आवाज बदलत, मधेच थांबून तिला ताटकळत ठेवत. त्यातलं मला फार थोडं कळलं, पण गोष्ट सांगणारं पोर ओळखायला भाषा कशाला लागते? दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन रकाने आखले. आई, याडी. भाकर, बाटी. पुढचे शब्द तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. तेव्हा माझी नोकरी अकरा वर्षांची झाली होती. अकरा वर्षांत अशी किती लेकरं मी गप्प केली असतील, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

म्हणून मागच्या दिवाळीत तू बॅगेतून ते पुस्तक काढलंस, तेव्हा मी तुला ते दोनदा वाचायला लावलं. ह्वान फेलिपे हेरेरा यांचं ‘द अपसाइड डाउन बॉय’, 2000 सालचं, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत छापलेलं. आईबाप शेतमजूर, पिकामागं कॅलिफोर्नियाभर फिरणारे. पोरगं शाळेत जातं आणि त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून सगळं जगच उलटं टांगल्यासारखं वाटतं. मग बाई त्याला गायला लावतात आणि त्याचा आवाज सापडतो. ही कवीच्या स्वतःच्या लहानपणाची गोष्ट. हेच हेरेरा 2015 साली अमेरिकेचे राष्ट्रकवी झाले, त्या जागी बसलेले पहिले लॅटिनो. मला स्पॅनिश येत नाही, इंग्रजीही अर्धंच कळलं. पण ते पोर मला पूर्ण कळलं. ते माझ्याच वर्गात बसलेलं होतं.

आणि चिऊच्या मेक्सिकन मैत्रिणीच्या घरचं ते दुसरं पुस्तक, गॅरी सोटो यांचं, ज्यात नाताळाच्या आदल्या संध्याकाळी आईची अंगठी मक्याच्या पिठात हरवल्याच्या भीतीनं सगळी भावंडं तमालेंचा ढीग फस्त करतात? तू म्हणालीस, ताई, ते मक्याच्या कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवतात. मी म्हटलं, मग आपले पळसाच्या पानांतले पानगे काय वेगळे? तू हसलीस. पण चिऊनं विचारलं, “पानगे म्हणजे काय?” तेव्हा तू विषय बदललास. मला ते फार लागलं गं. मैत्रिणीच्या आजीच्या चुलीवरचं पोरीला पुस्तकातून कळलं आणि स्वतःच्या आजीच्या चुलीवरचं सांगायला तुला संकोच वाटला.

तो संकोच कुठला, तेही मला माहीत आहे. पुण्याच्या होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात तू ‘काहून’ म्हणालीस आणि खोलीतल्या मुली वर्षभर तुला त्याच नावानं हाक मारत राहिल्या. सुट्टीत मेहकरला आलीस तेव्हा तुझी भाषा बदललेली होती. आई म्हणाली, पोरगी शिकली. मी ओळखलं की पोरगी दुखावली आहे. तेव्हाच तुला जवळ घेऊन बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, म्हणून आज बोलते.

बहिणाबाईंचंच बघ. आसोद्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी. जात्यावर, शेतात सुचेल ते गायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतलं काही उतरवून घेतलं, म्हणून वाचलं. 1951 साली त्या गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक आलं. आता महाराष्ट्रभरची पोरं शाळेत त्या कविता शिकतात. त्यांची खानदेशी बोली आपल्या वऱ्हाडीची शेजारीण. सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आईचे शब्द सुधारायला घेतले असते, तर आपल्या हाती काय आलं असतं?

प्युरा बेलप्रे नावाच्या बाईंचंही तसंच. प्युर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या, 1921 साली तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात कामाला लागल्या. मुलांच्या कपाटात त्यांच्या बेटावरची एकही लोककथा नव्हती. तेव्हा आजीकडून ऐकलेली झुरळबाई आणि उंदीरमामाची गोष्ट त्यांनी स्वतःच लिहिली. 1932 साली ती छापून आली.

तुझ्या लेकीसाठीही असंच करावं लागणार आहे. मराठीत मुलांची चांगली पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ तू नेलंसच. ‘किशोर’ 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. ते वाचायला तिला ‘मला’ यायलाच हवं, म्हणून रविवारची शाळा मुळीच सोडू नकोस. पण घरात एक, शाळेत दुसरी आणि आजीशी तिसरी भाषा बोलणारी, आजीला फोनच्या चौकटीत बघणारी मुलगी मला मराठी पुस्तकांत अजून भेटलेली नाही. ते पुस्तक तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच तयार होईल.

एक कोरी वही घे. डाव्या पानावर आजी सांगेल ते, आजीच्याच शब्दांत, ‘मले’चं ‘मले’च. उजव्या पानावर चिऊला जे कळलं ते, तिच्या इंग्रजीत. चित्रं तिची. मधेच तिनं एखादा स्पॅनिश शब्द घातला तर घालू दे, तोही तिच्याच गल्लीतला आहे. आणि ‘मले की मला’ असं तिनं विचारलं, तर सांग की दोन्ही बरोबर. एक शाळेतलं, एक आजीचं. मुलांना हे चटकन कळतं. कठीण आपल्याला जातं.

सुरुवात कंचनीच्या महालापासून कर. गच्चीवर झोपवताना आई आपल्याला सांगायची ती गोष्ट आठवते ना? लोणारच्या कमळजादेवीचा दिवा इथून, मेहकरातून दिसावा, म्हणून एका कलावंतिणीनं उंचच उंच महाल बांधला. दिवा तिकडे सरोवराच्या काठी, आणि ही इथे मजल्यावर मजले चढवते आहे. हीच कथा ना. घ. देशपांडे यांनी कवितेत आणली, ‘कंचनीचा महाल’ या नावानं. सिंदखेड राजाला जन्मलेल्या या माणसानं वकिली केली ती मेहकरात आणि कविता लिहिली तीही इथेच राहून. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर चढली आणि घरोघरी पोचली, आणि 1986 साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आईनं ती कविता वाचलेली नाही. तिच्याकडे गोष्ट आहे ती तिच्या आईकडून आलेली, आणि त्या गोष्टीत असे काही बारकावे आहेत जे मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेले नाहीत. ते तिच्याबरोबर जाऊ द्यायचे का आपण?

आईला मी काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सकाळी साडेआठला मी तिच्याजवळ असेन. तुमच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असेल, चिऊला थोडं जागं ठेव. तू आधी स्वतः आईशी बोल, आपण लहानपणी बोलायचो तसं, मले-तुले करून. तिला कळेल. मग फोन चिऊच्या हातात दे आणि तिला एवढंच विचारायला सांग, “आजी, कंचनीनं महाल एवढा उंच काहून बांधला?”

वही जवळ ठेव, आणि आई बोलायला लागली की मधे बोलू नकोस.