मानमोडीने ग्रासलेली कोंबडी

प्रश्न : परसातील कोंबडी कालपासून दाणा टिपत नाही, हिरवट हगवण आहे, मान मुरडली आहे. उपाय सांगावा.

उत्तर : ही लक्षणे बहुधा राणीखेत, अर्थात मानमोडी, या विषाणुजन्य रोगाची असून त्यावर रामबाण औषध नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो, तथापि औषध नाही म्हणून शुश्रूषाही नाही, असे मात्र नव्हे. कोंबडीस तत्काळ इतरांपासून विलग करून उबदार, कोरड्या जागी पेंढ्यावर ठेवावे, आणि गूळ व चिमूटभर मीठ घातलेले कोमट पाणी चोचीच्या कडेने थेंबाथेंबाने द्यावे. बळजबरीने ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊन प्राणघातक ठरते. तिची सेवा केल्यावर हात-पाय धुतल्याविना निरोगी पक्ष्यांत जाऊ नये. बर्ड फ्लूची लक्षणेही अशीच असू शकतात, सबब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास विनाविलंब वर्दी द्यावी. दैववशात ती दगावल्यास चुना टाकून खोल पुरावी. मांस खाऊ वा विकू नये. पुढील पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस डोळ्यात वा नाकपुडीत थेंबाने द्यावी आणि ६ ते ८ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस अवश्य टोचून घ्यावी. या रोगाविरुद्ध खरे संरक्षण तेच होय.