कॉफी मशीनचं बिल कोणाच्या नावावर?

प्रश्न : मुलगा पुण्यात एका कॅफेत कामाला होता. ते बंद पडल्यापासून घरीच आहे. त्याला एस्प्रेसो मशीन हवं आहे. एक ९ हजारांचं आहे, दुसरं ३८ हजारांचं. पहिलं खेळणं आहे, घ्यायचं तर दुसरंच घ्या, असं तो म्हणतो. माझ्या क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’ मिळतोय. यजमान एसटीतून निवृत्त झालेत, त्यांना हा खर्च पटत नाही. २९ हजारांचा फरक वसूल होतो का? अमेरिकेतला भाचा येताना तिकडून आणतो म्हणतो, ते घ्यावं का? मशीन घरीच राहील. जमलं तर रस्त्याकडच्या खोलीत संध्याकाळी चार कप विकेलही.
— एक वाचक भगिनी, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. मुलाच्या हाताला काम मिळावं ही तुमची खरी काळजी दिसते, आणि ती रास्त आहे. पण मग प्रश्न स्वस्त की महाग हा उरत नाही. मशीन घरासाठी घेताय की धंद्यासाठी, हे आधी ठरवा.

फक्त घरासाठी असेल तर ९ हजारांचं पुरे. खोक्यावर ‘१५ बार’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याला भुलू नका. एस्प्रेसोला कॉफीवर साधारण ९ बार दाब लागतो. १५ हा आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा असतो. महागड्या मशीनमध्ये पाण्याचं तापमान स्थिर राहतं, वाफ जोरदार येते आणि ते लवकर तापतं. हा फरक बिनदुधाच्या कॉफीत जिभेला कळतो. दूध आणि दोन चमचे साखर घातल्यावर फारसा कळत नाही. वाचलेल्या पैशातून हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर आणि ताज्या भाजलेल्या बिया घ्या. चिकोरी मिसळलेली पूड मात्र या मशीनमध्ये घालू नका, जाळी तुंबते.

भाच्याला नको म्हणा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची, आणि तिकडच्या बिलावर इथे कोणी दुरुस्ती करून देणार नाही.

आता धंद्याचं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक प्रकार ठरलेला आहे. खानावळीत घरगुती मिक्सर, टपरीवर घरगुती फ्रिज, शिवणक्लासात घरगुती शिलाई मशीन. चार-सहा महिने चालतं, मग मोटार जळते. माणूस बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन सर्व्हिस सेंटरला जातो. तिथला मुलगा कार्ड उलटं करतो आणि मागच्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवतो : केवळ घरगुती वापरासाठी, व्यावसायिक वापर झाल्यास वॉरंटी लागू राहणार नाही. ही ओळ खरेदीच्या वेळी कोणी वाचलेली नसते. ‘काही होत नाही, बिनधास्त चालवा,’ असं दुकानदाराने तोंडी सांगितलेलं असतं. नंतर त्याला ते आठवत नाही.

तुमचं ३८ हजारांचं मशीनही घरगुतीच आहे. दोन-तीन कपांनंतर विसावा घ्यायचा, अशी त्याची घडण असते. संध्याकाळी ओळीने पंधरा गिऱ्हाइकं आली की पंप आणि हीटर सतत राबणार. त्यात बोअरचं पाणी. तुमच्याकडे गिझरच्या रॉडवर पांढरा थर धरत असेल, तर तोच थर मशीनच्या आत, बारीक नळ्यांमध्ये धरतो. क्षारांमुळे झालेला बिघाडही बहुतेक वॉरंट्यांतून वगळलेला असतो. म्हणजे बंद पडण्याची दोन्ही कारणं वॉरंटीबाहेर, आणि हप्ते चालूच.

याहून वाईट पुढे आहे. लोक म्हणतात, ग्राहक आयोगात जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. अपवाद एकच : वस्तू घेणाऱ्याने ती स्वयंरोजगारातून केवळ आपल्या उपजीविकेसाठी वापरली पाहिजे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरणं देऊन सांगितलं आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी तो ग्राहकच राहतो. पण घेतली एकाने आणि चालवायला पूर्णपणे दुसऱ्याला दिली, तर ते संरक्षण जातं.

आता तुमचा बेत बघा. बिल तुमच्या नावावर, कार्ड तुमचं, यजमानांना पेन्शन आणि मशीन चालवणार मुलगा. समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप हाच असेल. तुम्ही हरालच असं नाही, पण मशीन सदोष होतं की नव्हतं हे बघण्याआधी तुम्ही ग्राहक आहात की नाही यावरच तारखा पडत राहतील.

म्हणून धंदा करायचाच असेल तर बिल मुलाच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यातून. तुम्हाला मदत करायची असेल तर ती रक्कम आधी त्याच्या खात्यात भरा. विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते, तीही त्याच्याच नावाने काढा. आणि पैसे देण्याआधी कंपनीला ईमेल करा : हे मॉडेल, रोज अंदाजे इतके कप, विक्रीसाठी, बोअरचं पाणी, वॉरंटी लागू राहील का, आणि दुरुस्तीसाठी माणूस दारव्ह्याला येईल की मशीन नागपूरला न्यावं लागेल? उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजा.

कार्डावरचा ईएमआय घेऊ नका. ‘नो कॉस्ट’ म्हणजे व्याजाइतकी सूट दाखवलेली असते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुम्हीच भरता. हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जातं. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. मुलाने त्याच्या नावाने बँकेत अर्ज करावा. कर्ज फेडणारा आणि मशीन चालवणारा एकच असला की पुढचे बरेच वाद मिटतात.

पण त्याहीआधी त्याने महिनाभर स्टीलच्या फिल्टरमधली कॉफी विकून बघावी. दारव्ह्यात संध्याकाळी चहा सोडून कॉफीला किती लोक थांबतात, हे त्याशिवाय कळणार नाही. कॅफेत काम केलेला मुलगा आहे, हात बसलेला आहे. गिऱ्हाईक आहे की नाही तेवढंच बघायचं आहे. गिऱ्हाईक टिकलं तर व्यावसायिक मशीनचा विचार करा. ते लाखाच्या घरात जातं, पण धंद्यासाठीच बनवलेलं असतं.

आधीच मशीन घेतलेल्या वाचकांसाठी : घरगुती वापरातलं मशीन बिघडलं आणि कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा चालतो. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिलाची शाई उडते, त्याचा फोटो आजच काढून ठेवा.