पावसाचा हिशेब

किराणाचा हिशेब तुम्ही पाहिला असेल. पण पावसाचा हिशेब पाहिला का? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव दरवर्षी तो करते. गुरुजींनी आम्हांला वर्गात सांगितले.

तिथे पाऊस कमी, साधारण ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर पुष्कळ लोक पोट भरायला गाव सोडून गेले. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. लोकांनी श्रमदान करून डोंगरावर समपातळी चर खणले. चर म्हणजे उताराला आडवा खणलेला लांब खड्डा. पळणारे पाणी त्यात थांबते आणि जमिनीत मुरते. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पण केली.

पण नुसते अडवून भागत नाही. पाऊस संपला की ग्रामसभेत हिशेब होतो. माणसांचे आणि गुरांचे पाणी आधी बाजूला काढतात. उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचे ते ठरते. पाऊस कमी तर पेरा कमी. ऊस आणि केळी लावायची नाही, शेतीला बोअर घ्यायची नाही, असा नियमच आहे.

आता हवामान बदलत चालले आहे. आमची आजी म्हणते, पूर्वी आठ-आठ दिवस झड लागायची. आता किती दिवस उघडीप आणि मग एका रात्रीत सगळा कोसळतो. असा पाऊस ओढ्याने निघून जातो.

पाऊस मोजणे सोपे आहे. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा. (आमचा डबा आईने साखरेसाठी परत नेला!) १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. समजा पत्रा ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे. २० मिलिमीटर पाऊस झाला तर ९६० लिटर, म्हणजे १५ लिटरचे ६४ हंडे! मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर टँकरपाशी एका हंड्यावरून भांडण झाले होते.

मी बाबांना विचारले, "आपल्या विहिरीत पाणी किती?" ते म्हणाले, "मोटर बंद पडली की कळतं." मग आम्ही दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडला आणि भिजलेला दोर मोजला. सात हात भरला. बाबा दिवाळीनंतर ऊस लावणार होते. आता म्हणतात, "दिवाळीला परत मोजू, मग बघू."