विजया मेहता : रंगमंच ते दूरदर्शनपट

'रंगायन'च्या (१९६०) प्रयोगशील नाट्यचळवळीत अग्रभागी असलेल्या विजया मेहता यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावर 'स्मृतिचित्रे' (१९८२) हा दूरदर्शनपट केला. पुढे महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' त्यांनी १९८५ मध्ये रंगभूमीवर आणले आणि त्याच नाटकावरून 'हवेली बुलंद थी' (१९८७) हा हिंदी दूरदर्शनपट दिग्दर्शित केला. रंगमंचावर खचत चाललेला वाडा व त्यातील माणसे प्रेक्षकाला एकाच वेळी दिसतात. कॅमेरा मात्र दृष्टी एकेका चेहऱ्यावर खिळवतो. त्यामुळे अभिनयातील मौन बोलके होते. परंतु मूळ संहितेतील वऱ्हाडी बोली हिंदीत मागे राहते. ही प्राप्ती आणि ही हानी एकत्र तपासल्याखेरीज मेहता यांच्या दिग्दर्शनाचे मूल्यमापन अपुरेच ठरेल.