राउटरच्या दोन वह्या

अहमदनगर जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. नाव बदलले की फलक आणि शिक्केही बदलावे लागतात. समजा, तिथल्या एखाद्या कचेरीतल्या राउटरचे नाव बदलायचे आहे. ते कसे बदलतात?

राउटर हा संगणकांच्या जाळ्यातला चौफुलीवरचा वाटाड्या. माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर अंकांत लिहिलेला पत्ता असतो. तो वाचून राउटर पुडके योग्य तारेवर सोडतो. मोठ्या राउटरला सहसा पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. दुसरा संगणक जोडून त्याला आज्ञा टंकून द्याव्या लागतात.

कॅलिफोर्नियात 1984 साली स्थापन झालेल्या सिस्को कंपनीचा राउटर घेऊ. (इतरांच्या आज्ञा थोड्या निराळ्या असतात.) ‘एनेबल’ म्हटले आणि गुप्त शब्द दिला की अधिकार मिळतो. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटले की रचना बदलता येते. मग ‘होस्टनेम अहिल्यानगर’. हे सारे रोमन लिपीत टंकायचे, बरे का! ओळीच्या आरंभी लगेच नवे नाव झळकते.

झाले काम? छे! वीज जाऊन परत आली, की पुन्हा जुनेच नाव हजर! कारण राउटरजवळ जणू दोन वह्या असतात. चालू रचना ज्या स्मृतीत असते, ती वीज जाताच पुसली जाते. दुसरी स्मृती विजेवाचून टिकते, आणि सुरू होताना राउटर तीच वाचतो. म्हणून ‘एंड’ म्हणून बाहेर यायचे आणि ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा द्यायची.

गंमत अशी, की या विसराळूपणाचाही उपयोग होतो. नगरला बसून अकोले तालुक्यातल्या राजूरचा राउटर दुरुस्त करायचा आहे. अंतर शंभराहून अधिक किलोमीटर. ज्या तारेवरून आपण बोलतो तिचाच पत्ता चुकला, तर संभाषण तुटते आणि चूक सुधारायलाही वाट उरत नाही. म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी ‘रिलोड इन 10’ म्हणतो. दहा मिनिटांनी राउटर आपोआप नव्याने सुरू होतो, जुनी वही वाचतो, आणि वाट मोकळी होते. दुरुस्ती नीट बसली, तर ‘रिलोड कॅन्सल’, आणि त्यानंतरच कॉपी.

काही चुका मात्र लगेच दिसत नाहीत. गुप्त शब्दात एक अक्षर चुकले तरी चालू संभाषण तुटत नाही; पुढच्या वेळी दार उघडत नाही. यासाठी दुसऱ्या संगणकावरून आत शिरून पाहतात. तसे न पाहताच कॉपी केली, तर चूकही दुसऱ्या वहीत उतरते आणि राजूरची एसटी पकडावी लागते.